पायलीचा वाल, किलोचा वाल

पहिल्या खरेदीचा दिवस माझ्या नीट लक्षात आहे. होळी होऊन आठवडा झाला होता. पेणच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात आम्ही शाळेमागच्या आंब्याला ताणकाटा टांगला, खाली ताडपत्री अंथरली आणि वही उघडून बसलो. बायका टोपल्यांतून, पिशव्यांतून, खताच्या जुन्या गोण्यांतून वाल घेऊन आल्या. त्यांत एक आजी होत्या. त्यांनी टोपलीबरोबर घरची पायलीही आणली होती. काट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ताडपत्रीवर मांडी घालून बसल्या आणि वाल पायलीने मोजू लागल्या. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाल्या, मग दोन, तीन. सगळं मोजून झाल्यावर त्यांनी चार पायल्या परत टोपलीत घेतल्या आणि टोपली पाठीमागे सरकवली.

"ह्यो इकाचा नाय, बाय. ह्यो मडक्याचा."

मी तेव्हा या कामात नवीन होते आणि उत्साहात होते. बचत गटांचा वाल एकत्र करून मुंबईच्या एका खरेदीदाराला द्यायचा, मधला व्यापारी वगळायचा, बायकांच्या हातात चार पैसे जास्त पडू द्यायचे, हे आमचं काम. ठरलेल्या वजनाला थोडं कमी पडत होतं. मी आजींना म्हटलं, दर चांगला आहे, तोही देऊन टाका, पावसात लागेल तेवढी डाळ दुकानातून आणता येईल. सुनेनेही मान हलवली. आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि टोपली त्यांनी पुढे सरकवली. चार पायल्या काट्यावर चौदा किलोच्या आसपास भरल्या. मी वहीत आकडा लिहिला आणि मला बरं वाटलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्यानंतर पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मी वालाच्या मागे खूप हिंडले. वालाबद्दल मी जे काही शिकले, त्याची सुरुवात त्या चार पायल्यांपासून होते.

वाल हे रायगडातलं भातानंतरचं पीक. कार्तिकात भात कापून झालं की खाचरात ओल असते, ती उडायच्या आत वाल टोकायचा. पाणी द्यायचं नाही, खत बहुतेक नाहीच. जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर तो येतो. भात निघालं की गुरं मोकळी सुटतात, म्हणून वई घालावी लागते आणि राखण करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलं की मावा पडतो आणि शेंड्यावरचा फुलोरा जातो. ओल्या शेंगेला उग्र वास असतो आणि तिचा चिकटा हाताला बसतो. तोडणीच्या दिवसांत बायकांची बोटं काळी पडलेली दिसतात आणि साबणाने ती लवकर निघत नाहीत. शेंगा सुकल्या की झाडं पहाटे उपटायची, कारण दव असताना शेंग तडकत नाही. मग खळ्यावर आणून वाळवायची, काठीने झोडायची, सुपाने पाखडायची. फाल्गुनातल्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाल तापवून राखेत घोळायचा आणि मडक्यात भरून तोंड शेणामातीने लिंपायचं. भुंगा लागू नये म्हणून.

यात नांगर पुरुषाचा. बाकीचं जवळजवळ सगळं बाईचं. भाताच्या खंडीचा हिशेब घरातला पुरुष ठेवतो, त्यावर सोसायटीचं कर्ज असतं, त्याला सरकारी खरेदी असते. वालाचा हिशेब कुणी ठेवत नसे. केंद्र सरकार 22 पिकांना हमीभाव जाहीर करतं. त्यांत तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर ही कडधान्यं आहेत, वाल नाही. ज्याला भाव नाही, कर्ज नाही, नोंद नाही, असं हे पीक म्हणून बाईच्या ताब्यात राहिलं होतं. त्यातलं किती मडक्यात जायचं, किती माहेरी पाठवायचं, किती शेर मीठ-मिरचीसाठी बाजारात न्यायचं, हे तीच ठरवायची. कुणी तिला विचारत नसे, कारण विचारण्याइतकी त्याची किंमतच नव्हती.

त्या वर्षी श्रावणात मी पुन्हा त्या गावात गेले. आवणी उरकली होती, पाऊस लागून राहिला होता. पावसाळ्यात या घरांत ताज्या भाजीचे दिवस कमी असतात. रानातला टाकळा, कुर्डू, भारंगी मिळेल तेवढी, मासेमारी बंद, सुकट-बोंबील सरत आलेले. अशा वेळी मडकं उघडायचं. वाल भिजत घालायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलून बिरडं करायचं. शंभर ग्रॅम सुक्या वालात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला दुसरीकडून एवढी प्रथिनं मिळायची सोय नसते. आजींच्या घरी मी जेवायला बसले तेव्हा पानात रेशनचा भात आणि पातळ तुरीचं वरण होतं. वालाचं नाव कुणी काढलं नाही. मीच विचारलं. सून म्हणाली, "ताई, पैसं आले तवाच गेले." ते शाळेच्या गणवेशाला गेले होते, थोडे मोटारसायकलच्या हप्त्याला. दुकानातून डाळ आणायची पाळी आली तेव्हा हातात काही नव्हतं, आणि दुकानात आणायला गेलेल्या माणसाने आणली ती स्वस्तातली अर्धा किलो डाळ.

मी मनाशी हिशेब केला. आमच्या दराने त्या घराला खरोखरच जास्त पैसे मिळाले होते. कागदावर तो यशाचा दाखला होता. पण वाल मडक्यात होता तेव्हा त्याच्यावर आजींचा शब्द चालायचा. त्याचे पैसे झाले आणि तो शब्द गेला. पैशाला कुणाचंही काम लागतं, मडक्यातल्या वालाला एकच काम असतं.

पुढच्या दोन-तीन हंगामांत मी पैशाच्या मागावर राहिले. कोणाचा पैसा कुठे जातो ते लिहून ठेवू लागले. त्यातून एक गोष्ट मला इतक्या वेळा दिसली की ती मी आता ठामपणे सांगते. रक्कम छोटी आणि रोजची असली की ती बाईकडे राहते. मोठी आणि एकदम आली की ती पुरुषाकडे जाते. पेणच्या बाजारात पदर खोचून वालाच्या शेंगांचे वाटे लावून बसणारी बाई संध्याकाळी स्वतःच्या कमरेच्या पिशवीत पैसे घेऊन घरी जाते. त्यातूनच ती तेल घेते, पोराचं औषध घेते, भिशी भरते. तिच्याच शेजारणीने तेवढाच माल गटामार्फत विकला आणि हंगामाअखेर एकरकमी पैसे बँकेत आले, तर ते खातं नवऱ्याचं निघायचं. गटाच्या पहिल्या वर्षी आम्हीच तशी मुभा दिली होती. सगळ्यांची स्वतंत्र खाती नव्हती, काम अडायला नको म्हणून 'घरातलं कुणाचंही चालेल' असं आम्ही म्हटलं. ती चूक आमची होती आणि तिचा परिणाम बायकांनी भोगला.

रोह्याकडे चित्र वेगळं होतं. कोलाडच्या बाजूला कुंडलिकेत तराफे सोडण्याचा व्यवसाय वाढला, नदीकाठी निवासाची ठिकाणं झाली, मुंबई-पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. थंडीत पाहुण्यांना पोपटी हवी असते. पोपटी ही आमच्याकडची रानातली जेवणाची तऱ्हा. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या ओल्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी किंवा कोंबडी घालायची, पाण्याचा किंवा तेलाचा थेंब न घालता तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पाचोळा पेटवायचा. पूर्वी शेतात राखणीला बसलेली माणसं हे करायची. आता त्याचे बेत ठरतात, आगाऊ नोंदणी होते. मला याचा आनंदच आहे. आपल्या शेंगेला कुणी लांबून येऊन मान देतं, हे बघून बायकाही खूश होतात.

पण ओली शेंग विकली की सुका वाल उरत नाही, हे साधं गणित कुणी मांडत नव्हतं. शेंगेचा भाव डिसेंबर-जानेवारीत चढा असतो. टेम्पोवाला बांधावर येतो, सौदा घरातल्या पुरुषाशी करतो, कारण मोबाइल नंबर त्याचा आहे. तोडणी बायकांनी पहाटे करायची, दवात, गार चिखलात पाय ठेवून. सात वाजता टेम्पो सुटतो. एका घरात सासू-सून दोघी महिनाभर रोज पहाटे तोडणीला जात होत्या. मी सुनेला विचारलं, किती पैसे झाले? तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. फाल्गुनात त्यांच्या खळ्यावर झोडायला जे आलं, ते सुपात मावेल एवढं होतं. वर्षाचं मडकं राहू द्या, पुढच्या टोकणीचं बियाणंही त्यात जेमतेम होतं.

त्याच तालुक्यातली एक काकी मात्र माझ्या मनात कायमची बसली आहे. ती शेंगा टेम्पोला देत नसे. पहाटे तोडून, दोन हारे भरून, रोहा-दिवा गाडीने पनवेलला जायची. मालाच्या डब्यात दाराशी बसायची. पनवेलला तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती. दुपारच्या गाडीने परत. तिला मिळणारा दर टेम्पोच्या दरापेक्षा बराच जास्त होता, आणि तिच्या पैशाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. तिने त्यातून मुलीला रोह्याच्या कॉलेजात शिकवलं. मी तिला म्हटलं, गटात या, एवढी दगदग वाचेल. ती म्हणाली, "दगदग वाचंल, पण पैसं मोजाची सवय जाईल." मी तिला पुन्हा आग्रह केला नाही.

म्हणून बाजार वाईट आणि जुनं ते चांगलं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. जात्यावर वाल भरडणाऱ्या बायकांचे खांदे मी पाहिले आहेत. आम्ही गटाला डाळीची छोटी गिरणी मिळवून दिली त्या दिवशी एका बाईने जातं पालथं घातलं आणि त्यावर पाय ठेवून उभी राहिली, ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पेणच्या घराघरांत पापड लाटून संसार उभे केलेल्या बायका आहेत; विकण्यात कमीपणा काही नाही, हे त्यांच्याकडूनच मी शिकले. प्रश्न विकण्याचा नव्हता. विकायचं काय, किती, कधी, हे कोण ठरवणार, हा होता. ती गिरणी बघता बघता एका पुरुषाच्या हाताखाली गेली. विजेची जोडणी त्याच्या नावावर, दुरुस्ती त्याला येते, किल्ली त्याच्याकडे. बायका पुन्हा निवडणं आणि पाखडणं यावर आल्या, या वेळी मजुरीने.

निवडण्याबद्दलही सांगायला हवं. आमच्याकडे एकाच खाचरात कडवा वाल आणि गोडा वाल मिसळलेला असतो, तांबूस, पिवळट, बारीक, टपोरा. घरच्या वापराला तसाच बरा. एक हुकला तर दुसरा येतो. खरेदीदाराला मात्र एका जातीचा, एका आकाराचा, निवडलेला कडवा वाल हवा होता. एकदा त्याने काही गोण्या मिसळ आहे म्हणून परत पाठवल्या आणि परतीचं भाडंही आमच्याकडून घेतलं. त्यानंतर बायका रात्री दिव्याखाली बसून दाणा दाणा निवडू लागल्या. या तासांचे पैसे कुठल्याच दरात धरलेले नव्हते. वर सोललेल्या वालाची मागणी आली: रात्री भिजवलेला, मोड आलेला, पहाटे चारला उठून सोललेला. अंगठ्याच्या नखाखाली दुखू लागायचं. आणि निवडून जे उरायचं, फुटका, भुंगा लागलेला, सुरकुतलेला, ते घरच्या मडक्यात. चांगला वाल काट्यावर आणि उरलेला घरात, ही वाटणी कुणी केली नव्हती, ती आपोआप झाली.

बियाण्याचं नुकसान मला उशिरा कळलं. त्या पेणच्या आजी बियाण्यासाठी शेंगा झोडणीआधीच वेगळ्या काढत. कुठल्या वेलीला मावा पडला नाही, कुठलीच्या शेंगेत दाणे भरले, हे त्यांनी थंडीभर बघून ठेवलेलं असे. अशा शेंगा दोऱ्यात ओवून चुलीवरच्या धुरात टांगलेल्या असत. सगळा चांगला माल काट्यावर जाऊ लागला, तेव्हा या शेंगाही गेल्या; दोन वर्षांनी गावात दापोलीच्या विद्यापीठाचं 'कोकण वाल'चं बियाणं वाटावं लागलं. ते बियाणं चांगलं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घरचं होतं ते गेलं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी गावठी वाण जपले, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या बैठकीत मी त्यांचा फोटो दाखवला. एक बाई म्हणाली, "आमचीबी सासू ह्येच करायची." मग कुणी बोललं नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. आफ्रिकेत गांबिया नदीच्या काठी पाणथळीत भात पिकवणं हे बायकांचं काम. 1980 च्या दशकात तिथे जहाली-पाचार नावाचा मोठा सिंचन प्रकल्प झाला. वर्षाला दोन पिकं येऊ लागली, आणि जमीन बायकांच्या नावे द्यायची असं ठरवूनही खाचरं घरातल्या पुरुषांच्या ताब्यात गेली. भात वाढलं, बायकांचं काम वाढलं, बायकांचं स्वतःचं भात कमी झालं. हे वाचलं तेव्हा मला रोह्याचा टेम्पो आठवला. आपल्या डोंगरउतारावरच्या नाचणीचंही आता तेच होऊ पाहतंय. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, नाचणीचा हमीभाव 2023-24 मध्ये क्विंटलला 3,846 रुपये होता तो 2025-26 ला 4,886 झाला. वरकस जमिनीवर नाचणीची रोपं लावणाऱ्या ठाकर बायकांना हा आकडा कुणी सांगितलेला मला आढळला नाही. त्यांच्या पाड्यावरच्या दुकानात नाचणीची बिस्किटं मात्र आली आहेत.

आणि कातकरी बायका तर या हिशेबात कुठेच नाहीत. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. वाल टोकायच्या वेळी त्या गावात नसतात, मडकं भरायच्या वेळीही नसतात. आमच्या गटांत एकही कातकरी बाई नव्हती. याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

सगळ्यात जास्त मला त्रास झाला तो सातबाऱ्याने. एका वर्षी जानेवारीत अवकाळी पाऊस झाला आणि उभा वाल कुजला. पंचनामे सुरू झाले. गटातल्या बायकांना घेऊन मी एका कार्यालयात गेले. तिथे विचारलं गेलं, पिकाची नोंद आहे का? 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आहे. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून शेतात उभं राहून पीक नोंदवायचं. नोंदणाऱ्यांनी खरिपाचं भात नोंदवलं होतं. वाल नोंदवायला कुणी शेतात गेलं नव्हतं, कारण मोबाइल पुरुषाचा आणि वाल बाईचा. दुसरा प्रश्न आला, खातेदार कोण? मग सगळ्या गप्प झाल्या.

या गप्प होण्याला मोठा इतिहास आहे. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कसणाऱ्याची जमीन झाली. कुलाबा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी काय सोसलं होतं, चरीचा संप 1933 पासून सहा वर्षं कसा चालला, हे इथलं प्रत्येक घर सांगतं. पण कसणारा म्हणून नाव लागलं ते बहुतेक पुरुषाचं. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. गावात मात्र त्या कायद्याची ओळख झाली ती हक्कसोडपत्रातून. 2008 च्या 21 सप्टेंबरला पेणच्या 22 गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल मत दिलं तेव्हा बायकाही रांगेत उभ्या होत्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आपली जमीन जाऊ द्यायची नाही म्हणून. ती जमीन राहिली. आता अटल सेतू झाल्यापासून पेणच्या बाजूला जमिनीचे भाव असे चढले आहेत की सासरी नांदणाऱ्या लेकींना सहीसाठी गाडी पाठवली जाते. सही झाली की साडी मिळते. ज्या खाचरात तिच्या आईने वाल टोकला, तिथे कुंपणाचे खांब उभे राहतात. मी अशा तीन सह्यांच्या वेळी हजर होते. दोघींना मी आधी समजावून सांगितलं होतं, तरी त्यांनी सही केली. भावाचं दार बंद होईल ही भीती मोठी होती. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा अनेक गावांत नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा केला. एम. एस. स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयक मांडलं. जमीन नावावर नसली तरी जी शेती करते तिला शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, असं त्यात होतं. त्यांची मुदत संपली आणि विधेयकही तिथेच राहिलं. असा एक दाखला त्या अवकाळीच्या वर्षी आमच्या बायकांच्या हातात असता, तर त्या कार्यालयातून रिकाम्या परतल्या नसत्या. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष शेतकरी महिलांचं म्हणून जाहीर केलं आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी या वर्षात दुसरं काही नाही, तर ते विधेयक कपाटातून बाहेर काढावं.

आम्ही आमच्यापुरतं काय बदललं ते सांगते. चौथ्या हंगामापासून काटा टांगायच्या आधी पायली निघते. प्रत्येक बाई ताडपत्रीवर आधी मडक्याचा वाल मोजते, मग बियाण्याचा, आणि ते दोन्ही आकडे वहीत पहिल्या दोन रकान्यांत लिहिले जातात. उरेल तेवढाच काट्यावर येतो. पैसे तिच्याच खात्यात जातात. खातं नसेल तर आधी ते उघडायचं, मग खरेदी. हप्ते तीन केले, म्हणजे रक्कम छोटी राहते. काट्यावरचा आकडा तिने स्वतः वाचून मोठ्याने सांगायचा. गिरणीची किल्ली दोन बायकांकडे आहे. मोटार बांधायला त्या पेणच्या एका कारागिराकडे जाऊन शिकल्या. ई-पीक पाहणीला गटातल्या मुली डिसेंबरात बांधावर जातात आणि घरातल्याचा मोबाइल मागून घेऊन वालाचा फोटो चढवतात.

यामुळे माल कमी झाला. मुंबईच्या त्या खरेदीदाराने आमच्याशी व्यवहार थांबवला. काही घरांतले पुरुष अजून आमच्यावर नाराज आहेत, आणि दोन गावांनी गट सोडला. नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण श्रावणात मी ज्या घरी जाते तिथे बिरडं पानात असतं, आणि ते मला बघून केलेलं नसतं.

आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची पायली आता सून आणते आणि पहिल्या मापाला 'लाभ' म्हणते. गटातल्या सतरा जणींची बँकेत स्वतःची खाती आहेत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या त्यांतल्या दोघीच आहेत, आणि त्या दोघी विधवा आहेत.